'पोटेटर' : इंग्रजींतील एका विस्मृत शब्दाची कुळकथा

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशांत जे शब्द इंग्रजींतून लुप्त झाले त्यांच्या आरंभीं कट्यारीसारखी एक बारीक खूण छापलेली असते. रणांत पडलेल्यांची यादी वाचावी त्याप्रमाणें हीं पानें वाचीत बसण्याची आम्हांस जुनी संवय आहे. जे शब्द जगले त्यांचा इतिहास सर्वच सांगतात. जे जगले नाहींत ते कां जगले नाहींत हें पाहणें पुष्कळदां अधिक बोधप्रद ठरतें. अशा विस्मृतांच्या पंक्तींतील 'पोटेटर' या शब्दाची हकीकत प्रस्तुत लेखांत सांगावयाची आहे. अर्थ 'पिणारा', व्यवहारांत 'फार पिणारा'. १९१३ सालच्या वेब्स्टरच्या कोशांत तो सांपडतो खरा. परंतु तेथें एका शब्दाचा अर्थ, शेजारीं 'विरळ' अशी सूचना आणि आधारादाखल साउदी कवीचें नुसतें नांव, एवढाच त्याचा संसार. आज इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य मनुष्यास तो शब्द विचारला तर बहुधा तो बटाट्याविषयीं कांहीं तरी सांगूं लागेल.

संस्कृत शिकलेल्या वाचकास मात्र या परक्या शब्दाचा चेहरा ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. लॅटिनमध्यें पिणाऱ्यास 'पोतोर' असा एक जुना शब्द आहे. त्यांतील 'पो' म्हणजे आपला पानार्थक 'पा' धातु, आणि 'तोर' म्हणजे आपला कर्तृवाचक 'तृ' प्रत्यय. आपल्याकडे दातृ, तिकडे 'दातोर'. आपल्याकडे जनितृ, तिकडे 'गेनितोर'. त्याच न्यायानें पातृ आणि 'पोतोर'. याच धातूपासून झालेल्या 'पोतुस' ह्या रूपावरून लॅटिननें 'पोतारे' म्हणजे 'पीत राहणें' असें दुसरें क्रियापद बनविलें आणि त्याला पुन्हां तोच कर्तृप्रत्यय लाविला, तेव्हां 'पोतातोर' सिद्ध झाला. इंग्रजी पोटेटर तो हाच. एका अक्षराचाही फरक न करितां उचललेला. वर्तमानकाळीं हा धातु द्वित्व घेतो, हेंही उभयत्र समान आहे. संस्कृतांत पिबति, लॅटिनमध्यें 'बिबित'. पाणिनीनें सातव्या अध्यायांत 'पा'च्या जागीं 'पिब' आदेश सांगून हा प्रश्न एका सूत्रांत मिटविला. तुलनाकारांनीं त्याचें कारण दिलें, इतकेंच. लॅटिनमधील आरंभींचा 'ब' हा मागाहून पुढच्या 'ब'च्या संगतीनें आलेला असून मूळचा 'प' संस्कृतानें राखिला आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. अशीं साम्यें दिसलीं कीं आपल्याकडील कांहीं उत्साही मंडळी 'हा शब्द संस्कृतांतूनच तिकडे गेला' असें ठोकून देतात. सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत जें प्रसिद्ध व्याख्यान दिलें, त्यांतच या भाषा एका समान उगमापासून निघाल्या असाव्या व तो उगम कदाचित् आज अस्तित्वांतही नसेल, असें म्हटलें होतें. संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण होय. बहिणीचें घर आपलें म्हणून दाखविण्यानें आपल्या घराची शोभा वाढत नाहीं.

आणखी एक चमत्कार असा कीं, ज्या इंग्रजीची आपण चर्चा करीत आहों तिच्या स्वतःच्या घरांत, म्हणजे जर्मानिक शाखेंत, हा 'पा' धातु चालू क्रियापद म्हणून उरलाच नाहीं. रशियन माणूस आजही 'पीत' म्हणजे पिणें म्हणतो, ग्रीक 'पिनो' म्हणतो, आपण पितों आणि पाजतों. आपलें पाणी हेंही 'पानीय'च. इंग्रजाचें 'ड्रिंक' मात्र निराळ्या कुळांतलें. तेव्हां या धातूचीं जीं जीं रूपें इंग्रजींत दिसतात तीं सर्व बाहेरून, कांहीं लॅटिनमधून, कांहीं फ्रेंचच्या वाटेनें, कांहीं ग्रीकमधून आलेलीं आहेत. पोशन, पोटेबल, इम्बाइब, बेव्हरेज, सिम्पोझियम हीं आलीं आणि टिकलीं. पोटेटर आला आणि टिकला नाहीं. सख्खीं भावंडें एका गांवीं वस्तीस आलीं असतां एकालाच कां कोणी थारा दिला नाहीं, हा आमचा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं या शब्दाची मायदेशांतील प्रतिष्ठा काय होती तें पाहिलें पाहिजे. 'पोतोर' हा तसा निरुपद्रवी शब्द. होरेस कवि ऱ्होन नदीकांठच्या लोकांना ऱ्होनचे 'पोतोर' म्हणतो. आणि पाणी पिणाऱ्यांनीं लिहिलेलीं काव्यें फार दिवस आवडत नाहींत अशी थट्टाही तोच करतो, तेथेंही शब्द हाच. 'पोतातोर' याला मात्र प्रथमपासूनच वास येतो. प्लॉटसच्या 'मिनेक्मी' नाटकांत एक दास आपल्या धन्याला एपिडॅम्नस नगराविषयीं सावध करतो तेव्हां तेथील विलासी लोकांच्या जोडीला अट्टल पोतातोरांचा उल्लेख करतो. याच नाटकावरून शेक्सपियरनें 'कॉमेडी ऑफ एरर्स' रचलें. त्यानें नगर बदललें, दोषांची यादीही नवी केली. त्या यादींत ठक आहेत, जादूगार आहेत, चेटकिणी आहेत, पण पिणारे गळले आहेत. लंडनच्या प्रेक्षकांना पिणारे भेटण्यासाठीं परमुलुखीं जाण्याची गरज नव्हती असें त्याला वाटलें असेल.

सिसरोनें वार्धक्यावरील आपल्या संवादांत वृद्ध केटोच्या तोंडीं एक मार्मिक भेद घातला आहे. मित्र जमून जेवतात त्या प्रसंगाला ग्रीकांनीं 'सहपान' किंवा 'सहभोजन' अशा अर्थाचीं नांवें दिलीं. आमच्या पूर्वजांनीं 'कोन्व्हिव्हियुम' म्हणजे 'सहजीवन' म्हटलें, तें अधिक चांगलें, असें केटो म्हणतो. 'सहपान' याला त्यानें योजलेला लॅटिन शब्द 'कोम्पोतातिओ' हा आपल्या पोतातोरचाच आप्त होय. वैदिक वाचकांस येथें चमकांतील 'सग्धि' आणि 'सपीति' या जोडीची आठवण होईल. एक सहभोजन, दुसरें सहपान. आणि दोन्हीही यजमान देवाकडे मागून घेतो. रोमन गृहस्थ ज्याविषयीं संकोचतो तें वैदिक ऋषि मोकळेपणानें मागतो, एवढा फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें आपल्याकडेही संकोच आलाच. एकाच 'पा' धातूनें 'सोमपा' हा गौरव झाला आणि 'सुराप' हा महापातकी ठरला. मधु पितो तो मधुप म्हणजे भुंगा, पायानें पितो तो पादप म्हणजे झाड, सोंडेनें व मुखानें असें दोनदां पितो तो द्विप म्हणजे हत्ती; यांपैकीं कोणासही दोष नाहीं. संस्कृतांत पिण्याला पाप लागत नाहीं. काय प्यालें याला लागतें, आणि तें समासाच्या पूर्वपदांतच सांगून टाकलेलें असतें. नुसता 'पाता' म्हटला तर तो पिणारा कीं रक्षण करणारा हें देखील प्रसंगावरूनच ठरवावें लागतें, कारण रक्षणार्थक 'पा' धातु निराळा आहे.

लॅटिन पोतातोरचें भाग्य, किंवा दुर्भाग्य म्हणा, ठरलें तें बायबलाच्या लॅटिन भाषांतरानें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत अकराव्या अध्यायांत येशूवर निंदकांनीं घेतलेला आक्षेप आहे: हा खादाड, मद्य पिणारा, जकातदारांचा व पापी लोकांचा मित्र. लॅटिन पाठांत 'मद्य पिणारा' यासाठीं पोतातोर हा शब्द असून त्याच वाक्यांत 'पापी' यासाठीं 'पेक्कातोर' आहे. दोन्ही तीन अक्षरांचे, दोन्ही प-कारानें आरंभ होणारे, दोन्हींचा शेवट एक. शतकानुशतकें मठामठांतून हें वाक्य वाचलें गेलें. विनोदी माणसाच्या कानांत अशी जोडी पडून राहिली तर ती केव्हां तरी बाहेर येणारच.

ती आली बाराव्या शतकांत. कोलोनचा आर्चबिशप व सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याचा चॅन्सेलर राइनाल्ड याच्या पदरीं एक लॅटिन कवि होता. त्याचें खरें नांव कोणास ठाऊक नाहीं. 'आर्किपोएता' म्हणजे 'महाकवि' या उपाधीनेंच तो ओळखला जातो. इ. स. ११६३ च्या सुमारास त्यानें आपल्या धन्यापुढें पापांची कबुली म्हणून एक दीर्घ कविता रचली. स्त्रिया, द्यूत आणि मद्यगृह असे तीन दोष तो कबूल करतो. परंतु कबुलीचा स्वर पश्चात्तापाचा नसून मिशीला पीळ भरल्यासारखा आहे. मरण यावें तें मद्यगृहांत, म्हणजे पेला ओंठांजवळ असेल, अशी इच्छा तो व्यक्त करतो. आणि मग देवदूत खालीं येऊन त्याच्यासाठीं जी प्रार्थना गातात ती ऐकण्यासारखी आहे. लूकच्या शुभवर्तमानांत परूशी व जकातदार यांचा दृष्टांत आहे. परूशी आपल्या पुण्याची यादी वाचतो. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवीत 'मज पाप्यावर दया कर' एवढेंच म्हणतो. देवदूतांची प्रार्थना हीच आहे. कवीनें फक्त 'पेक्कातोर' काढून तेथें 'पोतातोर' घातला आहे.

हा पाखंडीपणा खरा. परंतु आम्हांस तो वाटतो त्याहून गंभीर दिसतो. ज्याची दीनता देवानें मान्य केली त्या जकातदाराच्या जागीं कवि पिणाऱ्याला उभें करतो. हांसतां हांसतां तो विचारतो कीं, पिणारा हा पापी आहे म्हणतां, तर पाप्याला मिळणारी दया त्याला कां मिळूं नये? ही कविता पुढें बव्हेरियांतील बेनेडिक्टबॉयर्न मठाच्या पोथींतही उतरली. ती पोथी १८०३ सालीं उजेडांत आली आणि श्मेलर यानें १८४७ सालीं 'कार्मिना बुराना' या नांवानें छापली. इंग्लंडांत तर या कवितेचा मद्यगृहाचा भाग दीर्घकाळ ऑक्सफर्डचा आर्चडीकन वॉल्टर मॅप याच्या नांवावर मोडत असे. बिचाऱ्या मॅपला त्यापायीं नसता लौकिक मिळाला. मुद्दा एवढाच कीं, इंग्रज विद्वानाच्या कानांत पोतातोर शब्द पडला तो पाप आणि परिहास यांच्या संधीवर उभा असलेला असा पडला.

आतां सोळाव्या शतकाकडे येऊं. छापखाने वाढले, प्राचीन ग्रंथांचीं भाषांतरें होऊं लागलीं आणि लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजींत शिरला. १५५३ सालीं टॉमस विल्सन यानें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत अशा शब्दांना 'दौतींतले शब्द' म्हणून हिणविलें आणि ते ठांसून भरलेलें एक विडंबनात्मक पत्र दिलें. आज तें पत्र वाचतांना मौज अशी वाटते कीं, त्यांत हास्यास्पद म्हणून घातलेले सेलिब्रेट, एक्स्टोल, डेक्स्टेरिटी हे शब्द आतां शाळकरी पोर वापरतें, आणि त्यांच्याच शेजारचे 'इन्जेंट' व 'रिव्होल्यूटिंग' मात्र बुडाले. विल्सन चुकला असें नव्हे. कोणता शब्द तरेल हें त्याला किंवा कोणालाच सांगतां येण्याजोगें नव्हतें.

दुसऱ्या बाजूस सर जॉन चीक. केंब्रिजचा ग्रीक भाषेचा पहिला राजनियुक्त अध्यापक, सहाव्या एडवर्डचा गुरु. लॅटिन-ग्रीकांत त्याच्या तोडीचे थोडे. त्याच गृहस्थानें १५५७ सालीं टॉमस होबीला लिहिलेल्या पत्रांत, इंग्रजी ही उसनवारीनें मलिन न करितां शुद्ध लिहावी, असा आग्रह धरला. मत्तयाचें भाषांतर करितांना त्यानें स्वतः देशी शब्द घडविले: शतपतीला 'हंड्रेडर', पुनरुत्थानाला 'गेनरायझिंग', चंद्रभ्रमानें वेडा झालेल्यास 'मून्ड'. तें भाषांतर १८४३ पर्यंत छापलेंही गेलें नाहीं आणि ते शब्द कोणीं उच्चारले नाहींत. शुद्धिवाद्यांनीं चीकचा दाखला देतांना ही उत्तरार्धाची गोष्ट गाळूं नये. परके म्हणून जसे शब्द मेले तसे स्वकीय म्हणून घडविलेलेही मेले.

पोटेटरची खरी परीक्षा भाषांतरकारांपुढें झाली. विक्लिफच्या अनुयायांनीं चौदाव्या शतकाच्या अखेरीस बायबल इंग्रजींत उतरविलें तें थेट लॅटिनवरून. म्हणजे मत्तयाच्या त्या वाक्यांत पोतातोर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनीं 'ड्रिंकर' लिहिलें. १५८२ सालीं रीम्स येथें कॅथलिक पंडितांनीं नवा करार लॅटिनवरूनच भाषांतरिला. हे लोक लॅटिन शब्द जसाच्या तसा ठेवण्याविषयीं इतके प्रसिद्ध कीं, प्रभूच्या प्रार्थनेंतील भाकरीलाही त्यांनीं 'सुपरसब्स्टॅन्शियल' केलें. त्यांनींही येथें 'वाइन-ड्रिंकर' हाच शब्द घातला. १६११ च्या राजमान्य भाषांतरांत 'वाइनबिबर' आला. त्यांतील 'बिब' लॅटिन 'बिबेरे'वरून असावा असा तर्क आहे, पण तो केव्हांच देशी होऊन बसला होता. ज्यांना पोटेटर आयता हातीं होता, ज्यांना तो वापरण्याची संवय, हौस व अधिकार सर्व कांहीं होतें, त्यांनीं तो घेतला नाहीं. कारण उघड आहे. हें वाक्य रस्त्यावरच्या निंदकाचें आहे; आणि निंदक कोणत्याही देशांत पंडिती भाषेंत निंदा करीत नाहीं.

शिवाय जागा तरी कोठें रिकामी होती? इंग्रजाजवळ पिणाऱ्यासाठीं ड्रिंकर होता, ड्रंकर्ड होता, टिपलर होता, टॉसपॉट होता, सॉट होता. सतराव्या शतकांत टोपर आला. पोशनला वैद्यानें आश्रय दिला, पोटेशनला फॉल्स्टाफसारख्यानें तोंडांत घोळविलें. पोटेटरला कोणाचें घर मिळालें नाहीं. आणि त्याच्या शेवटच्या 'टर'नें तर त्याचा घातच केला असें आमचें मत आहे. इंग्रजींत हा प्रत्यय घेऊन आलेले शब्द कोण? सेनेटर, ऑरेटर, डॉक्टर, क्रेडिटर. सगळे पदवीधर किंवा पदाधिकारी. त्यांच्या पंक्तीला पोटेटर बसला कीं पिणें हा जणूं एखादा हुद्दा होऊन जातो. मराठींत 'मद्यपानाचार्य' म्हटल्यासारखें वाटतें. अशा शब्दाला एकच काम उरतें, तें थट्टेचें.

तेंच साउदीनें त्याच्याकडून करून घेतलें. रॉबर्ट साउदी हा १८१३ पासून मरेपर्यंत इंग्लंडचा राजकवि. आपल्याकडील वाचकांस 'कर्स ऑफ केहामा' या हिंदु पुराणकथांच्या आधारें रचलेल्या १८१० च्या काव्यामुळें नांवानें माहीत असेल. त्याच्या 'द डॉक्टर' या विस्कळित पण गोड ग्रंथांत बार्नबीला त्यानें 'विख्यात पोटेटर' असें गौरविलें आहे. हा बार्नबी म्हणजे रिचर्ड ब्रेथवेट याच्या १६३८ च्या प्रवासकाव्याचा नायक. गांवोगांवच्या मद्यगृहांत थांबत, पडत, उठत तो इंग्लंडभर हिंडतो. आणि ग्रंथ एका बाजूस लॅटिन व दुसऱ्या बाजूस इंग्रजी असा छापलेला आहे. ब्रेथवेटनें स्वतःचें नांव दिलें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जोसेफ हॅझलवुड यानें तें निश्चित केलें. लॅटिनमध्यें झिंगणाऱ्या नायकाला लॅटिन पदवी, इतका तो शब्द तेथें चपखल बसला आहे. परंतु एका विनोदावर शब्दाचा चरितार्थ चालत नाहीं.

येथें आमच्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख करणें प्राप्त आहे, कारण हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो तिच्यामुळें. शिक्षकी करीत असतां आम्ही मुलांच्या निबंधांतील ग्राम्य शब्द काढून संस्कृत शब्द घालीत असूं. एका मुलानें आपल्या शेजाऱ्याविषयीं 'दारुडा' असें लिहिलें होतें. आम्हीं तें खोडून तांबड्या शाईनें 'मद्यपी' लिहिलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा वही घेऊन आला व खालच्या आवाजांत म्हणाला, "गुरुजी, तो शेजारी नाहीं, वडील आहेत. मद्यपी म्हटलें कीं ते कोणी मोठे वाटतात." आम्ही निरुत्तर झालों. मूळ शब्द परत लिहूं दिला, गुण मात्र पूर्वीं कापलेले तसेच राहिले. तें स्मरण अद्याप बोचतें. मद्यपी हा शब्द मराठींत जिवंत आहे, वृत्तपत्रांत आहे, कायद्याच्या भाषेंत आहे. तो पोटेटरप्रमाणें मेला नाहीं. पण त्याचें घर ओसरीवर, माजघरांत दारुडाच. राज्यव्यवहारकोशानें शिवकाळांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्याचा दाखला या संबंधांत कोणी देईल. परंतु कचेरींतील शब्दांना राजाज्ञा लागूं पडते. बायको नवऱ्याला रागानें काय म्हणते याला पडत नाहीं.

इंग्लंडांतही पुढें ओसरीवरच्या शब्दाची गरज पडलीच. १८७९ सालीं पार्लमेंटानें व्यसनी लोकांना उपचारगृहांत ठेवण्यासंबंधीं कायदा केला, त्याचें नांव 'हॅबिच्युअल ड्रंकर्ड्स ॲक्ट'. १८८८ सालीं तो कायम करण्यांत आला तेव्हां नांव बदलून 'इनीब्रिएट्स ॲक्ट' झालें, आणि १८९८ च्या कायद्यानेंही तेंच नांव पत्करलें. ज्याला आपल्या पायांनीं उपचारगृहाच्या दारांत यावयाचें त्याला 'ड्रंकर्ड' म्हणून हाक मारली तर तो येणार कसा, हा व्यवहार त्यामागें असावा असें आम्हांस वाटतें. म्हणजे लॅटिन शब्दाला शेवटीं एक खरें काम मिळालें, तें मनुष्याची लाज झांकण्याचें. पण तें पोटेटरला न मिळतां 'एब्रिउस' म्हणजे 'झिंगलेला' यापासून निघालेल्या दुसऱ्याच शब्दाला मिळालें. पोटेटरवर तोंवर थट्टेचा शिक्का बसला होता, आणि थट्टेच्या शब्दानें कोणाची लाज झांकत नाहीं. इनीब्रिएट हाही नाम म्हणून पुढें मागें पडला. स्वीडिश वैद्य माग्नुस हूस यानें १८४९ सालीं दिलेल्या रोगनामावरून रूढ झालेला 'अल्कोहोलिक' त्याच्या जागीं आला. त्याचें मूळ तर अरबी.

राहिला बटाटा. वर विनोदानें उल्लेख केला म्हणून सांगतों: पोटेटर आणि 'पोटेटो' यांचा कांहीं एक संबंध नाहीं. पोटेटो हा कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या 'बटाटा' या शब्दावरून, स्पॅनिश लोकांच्या मार्फत, सोळाव्या शतकांत इंग्रजींत आला. आणि आपला बटाटा पोर्तुगीजांकडून, जवळ जवळ मूळच्याच उच्चारानें. त्याला कोणत्याही पंडिताची शिफारस नव्हती.